व्हर्डेलबाईंचा एक डॉलर

९ मे २०२२ रोजी ओहायोतल्या एका लहानशा गावाच्या नगरपालिकेने व्हर्डेल स्टब्स यांना ७५ डॉलर दंड केला. एकतीस वर्षे शाळेची बस चालवलेल्या या बाईंनी स्वतःच्या अंगणात पाटी लावली होती : "महापौर, खड्डे बुजवा." पालिकेची माणसे ती पाटीही उचलून घेऊन गेली.

बाई थेट फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात गेल्या. तेव्हा पालिकेने घाईघाईने दंड परत केला आणि पाटी आणून दिली.

"झालं की तुझ्या मनासारखं," नवरा ऑरिन म्हणाला. "आता सोड तो खटला."

"एकोणीस दिवस माझं तोंड बंद केलं, त्याचं काय? एक डॉलर भरपाई मागितलीय मी."

"डॉलरात कॉफीसुद्धा येत नाही गं!"

"पण त्या डॉलरवरच खटला जिवंत आहे. सोडला, तर उद्या दुसऱ्याची पाटी उचलतील."

निकालाच्या दिवशी बाई ऑरिनला घेऊन कोर्टात पोहोचल्या. पालिकेचा वकील म्हणाला, "दंड परत दिला. आता वाद उरला कुठे?"

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "एका डॉलरचा उरलाय." मग त्यांनी निकाल वाचला : अंगणातली पाटी हे नागरिकाचे बोलणेच आहे, आणि ते थांबवून पालिकेने राज्यघटना मोडली; पालिकेने बाईंना एक डॉलर भरपाई द्यावी.

"ऑरिन, जिंकलो रे!" व्हर्डेलबाई ताडकन उभ्या राहिल्या. ऑरिनने भर कोर्टात शिट्टी मारली. शिपायाने डोळे वटारले, तरी तो हसतच राहिला.

पाटी अजून अंगणात आहे. पालिकेकडून एक डॉलर येणे बाकी आहे.