पंचमीचा दोर

"उतर खाली!"

पाटलीणबाई ओरडल्या तेव्हा माझा झोका वर होता. पंचमीचा दिवस. झरीजवळच्या आमच्या गावात, त्यांच्या दारातल्या लिंबाला बांधलेला झोका. मी आठ वर्षांची. त्यांच्याच लेकीनं, शीतलनं, मला ओढत आणून बसवलं होतं. आम्ही दोघी एका वर्गात. मला वाटलं, झोकाही आमचा दोघींचा.

बाईंनी गड्याला विळा आणायला लावला. गावातल्या बायकापोरींदेखत दोर कापला. माझी आई तिथंच भांडी घासत होती. तिला म्हणाल्या, "उचल हे. तुमच्या वस्तीतली पोर बसल्यावर आमच्या लेकी कशा बसतील ह्याच्यावर? अन् उद्यापासून कामाला येऊ नको."

आईनं राखेचे हात जोडले. "चुकलं मालकीण. लेकरू हाय, समजत न्हाई तिला."

आणि तिनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली.

शीतल बघत उभी राहिली.

काम गेलं. दिवाळीनंतर आई ऊसतोडीला गेली. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढताना पडली. कंबर कायमची गेली. आजही उठताना भिंत धरते. ती भिंत धरते आणि मी नजर चोरते. माझ्यामुळं झालं. मी बसले म्हणून. पुढं कुणी नुसती हाक मारली तरी माझ्या तोंडून आधी "चुकलं" निघायचं.

आता मी परभणीत एम. ए. करते. मराठी घेऊन. अभ्यासाला एक कादंबरी आहे. तिच्यात एका मुलाचा पतंग तुटतो. तो रडत घरी येतो, आणि तिथून मोठा होत जातो. सर शिकवत होते, "तुटलेला पतंग म्हणजे हरवलेल्या निरागसतेचं प्रतीक. ती सगळ्यांचीच हरवते. त्यात दोष कुणाचाच नसतो."

कुणाचाच नसतो?

मी उठले. "सर, माझी हरवली नाही. विळ्यानं कापली. कापणारी बाई गावात आहे अजून." मग दोराचं सगळं सांगितलं.

सर हसले. "तुम्हा लोकांना प्रत्येक पुस्तकात आपलंच रडगाणं दिसतं. तास बिघडवलात. वर्गाची माफी मागा."

ओठ उघडले. 'चुकलं' जिभेवर आलंच होतं. तेव्हा कळलं, हा शब्द माझा नाही. भीतीनं आईच्या तोंडातून काढलेला, तिच्याकडून माझ्याकडं आलेला.

"न्हाई मागत," मी म्हणाले. तास संपेपर्यंत उभी राहिले.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बाईवर हात उचलायची हिंमत न्हवती, म्हणून तुला मारलं. माय असून. तेच लय सलतंय बघ अजून."

म्हणजे इतकी वर्षं एका घरात आम्ही दोघी गुन्हेगार होऊन राहिलो. आणि जिनं केलं, ती मजेत.

अपराधी वाटणं अजून गेलेलं नाही. एका दिवसात जाणारही नाही. पण आता ते कुणी माझ्यात घातलं, ते मला माहीत आहे.

सरांनी निरोप पाठवलाय, माफी मागितल्याशिवाय तासाला बसायचं नाही. उद्या मी बसणार आहे. काढायचं तर भरल्या वर्गातून काढा. मी आपणहून उठणार नाही.