पुन्हा छापा

गणिताच्या बाईंचा ओठ पुन्हा फुटला होता. काल नवऱ्याने त्यांचं डोकं दारावर आपटलं आणि मग मेल्याने रडत पायही धरले.

वर्गात बाईंनी नाणं उडवलं. सलग पाचव्यांदा छापा.

"आता काटाच येणार!" पोरं ओरडली.

"गाढवांनो, नाण्याला मागचं आठवत नसतं," बाई कडाडल्या. "दर खेपेला शक्यता निम्मी-निम्मीच."

घरीही त्या हाच हिशेब लावत आल्या होत्या: कालचं काल, आज कदाचित मारणार नाही.

पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पण बाई, दोन्हीकडे छापाच असला तर?"

"मग ते उडवत बसणारी गाढव."

वर्ग खो-खो हसला. संध्याकाळी बाई घराच्या वाटेला वळल्या नाहीत. तडक पोलीस चौकीत शिरल्या.