मैनेला करार सोडेना

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे मैना म्हणतात, आणि तिला पगार मिळतो तोही त्या आवाजाचाच. वॉशिंग मशीनच्या देखभालीचे करार करणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर असते. करार विकणं तिच्याकडे नाही. जे लोक "बंद करा आमचं" म्हणून फोन करतात, त्यांना गोड बोलून थांबवायचं, हे तिचं काम. दहा जण उठून निघाले तर सात जणांना मैना पुन्हा खाली बसवते. हा आकडा टिकवणाऱ्यांनाच घरून काम करायची मुभा आहे. मैनेला ती मुभा जिवापाड हवी, कारण तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलवटून निघते. नवरा मालवाहू जहाजावर. घरी येतो तो झोप पुरी करायला.

घर बदललं तेही सासूबाईंसाठीच. चौथ्या मजल्यावरून त्यांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे खुर्चीसकट चौघांनी उचलायचं. तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या, रस्त्याकडे खिडकी असलेल्या. मी आणि मैनेनं मिळून सामान बांधलं. कपाटं हलली, पलंग हलला, सासूबाई हलल्या. इंटरनेट आणि टीव्हीचा करार तेवढा जागचा हलेना.

नियम ऐकायला अगदी शहाणा होता. नव्या घरी कंपनीची सेवा पोचत असेल तर मुदतीआधी करार मोडता येत नाही, जोडणी तिकडे न्यायची. पोचत नसेल तर तोडून मिळतो. आता कंपनीच्या संगणकात नव्या पत्त्यापुढे 'सेवा उपलब्ध' असं होतं, आणि तार मात्र रस्त्यापलीकडच्या खांबावर येऊन थांबलेली. रस्ता खणायची परवानगी कोणी मागायची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कंपनीची तार अगदी दाराशी होती. पण ती घ्यायची तर पहिल्या कराराचे उरलेले सगळे हप्ते एकरकमी भरा. मैनेच्या एका पगारात ते बसत नव्हतं. मोबाइलवरचं नेट तिच्या ऑफिसला चालत नाही. ऑफिसनं सांगून टाकलं होतं: सोमवारपर्यंत जोडणी करा, नाहीतर इथे येऊन बसा.

मी कपबशांवरचे कागद सोडत बसले होते तेव्हा तिनं फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"तुमची अडचण मी समजू शकतो, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला.

मैनेनं फोनवर हात धरला. "वहिनी, हे माझं वाक्य आहे."

"मग आता पुढे काय?"

"आता गप्प बसेल. मी बडबडून दमावं म्हणून."

तो गप्प बसला. मैनाही बसली. दोघं एकाच तालमीतले, कोण आधी तोंड उघडतंय ते बघत मी हातातली बशी तशीच धरून राहिले. शेवटी त्याला खोकला आला.

"मॅडम, तुमच्यासाठी खेळांच्या वाहिन्या तीन महिने मोफत देतो."

"तार नाही हो आमच्याकडे. कशावर बघू, भिंतीवर?"

"पण मॅडम, आमच्याकडे तर उपलब्ध दाखवतंय."

"मग तुमच्याकडेच राहायला येते."

तो हसला नाही. हसायची परवानगी नसते, असं मैना नंतर म्हणाली. शेवटी इतकंच ठरलं की जोडणीवाला येऊन बघून जाईल.

तो आला, खांबाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि मान हलवली. "नाही पोचत, ताई. उघड दिसतंय."

"तसं लिहाल ना?" मैनेनं विचारलं.

"लिहितो की."

दुसऱ्या दिवशी मैनेनं फोन केला तर नोंद निघाली, 'ग्राहक घरी नव्हते'. अर्धांगाच्या झटक्यानं सासूबाईंची जीभ जड झालीये, धार गेलेली नाही. त्या पलंगावरून एकेक शब्द सोडत म्हणाल्या, "मी... कुठे गेले होते... ते तरी विचार त्यांना. मला पण कळू दे."

मैना पुन्हा फोनवर गेली. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. सोमवार आला आणि मैना डबा घेऊन ऑफिसात गेली. मी माझ्या घरचं उरकून धावत तिच्याकडे जायची. पण माझ्या घरालाही चार तोंडं आहेत. कधी पोचायला उशीर व्हायचा, आणि एकटीनं कूस बदलणं मला जमत नसे. मी उशी सारून वेळ मारून नेई. आठवडा सरायच्या आत सासूबाईंच्या कमरेवर लाल चट्टा उठला. मैनेनं तो पाहिला आणि मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जोडणीवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा घरी मी होते.

"मागच्या वेळी खोटं का लिहिलंत?"

"'घरी नव्हते' लिहिलं की ताई, माझं दिवसातलं एक काम धरतात. 'तार पोचत नाही' लिहिलं की काम फुकट, वर साहेबाला उत्तरं द्या. मलाही घर आहे."

भांडणाचं जिभेवर आलं होतं, पण घड्याळात कूस बदलायची वेळ होऊन गेली होती. म्हटलं, "आधी जरा हात लावा इकडे." आम्ही दोघांनी सासूबाईंना वळवलं. गाऊन सरकला आणि चट्टा उघडा पडला. त्यानं नजर काढून घेतली.

"बाई असतात कुठे यांच्या घरच्या?"

"तुमच्या तारेपायी ऑफिसात."

तो खिडकीशी गेला, त्यानं त्या खांबाकडे पाहिलं. मग मोबाइल काढला. "जाऊ दे, आजचं एक काम गेलं," असं पुटपुटत त्यानं बटण दाबलं, आणि काय दाबलं ते मी विचारायच्या आत मला दाखवलं: 'तार पोचत नाही'.

त्यानंतरही करार तुटायला चार फोन लागले. डबा परत केल्याची पावती मागितली. टीव्हीचा डबा म्हणजे, मैनेचा जेवणाचा नव्हे, असं मी म्हटलं तर तिला हसूही आलं नाही. अखेर सुटली. दुसऱ्या कंपनीनं एका दुपारात जोडणी दिली आणि मैना पुन्हा पलंगाशेजारच्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून बसली.

पहिल्या दिवशी मी मलम घेऊन गेले होते. मैना कोणाशी तरी बोलत होती. ऐकता ऐकता कळलं, पलीकडची बाई घर बदलतेय आणि तिला करार मोडायचाय.

"तुमची अडचण मी समजू शकते, ताई," मैना म्हणाली आणि गप्प बसली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं आवाज बंद केला. "अशी बघू नकोस, वहिनी. आठवडाभर माझा आकडा पडलाय. ही गेली तर मी परत ऑफिसात."

"अगं, पण तूच..."

"माहितीये मला."

आवाज चालू करून ती मऊपणानं विचारू लागली, नवं घर कसं आहे, मशीन नीट पोचलं का. एकीकडे उठली, एक हात सासूबाईंच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्या बाईला बोलतं ठेवत अलगद कूस बदलली.