ताडपत्रीखालचा पाऊस

हवामान केंद्राला जागा हवी होती, तेव्हा मीच पुढेपुढे करून घरामागचा कातळ दाखवला. गावात मान वाढेल म्हणून. एक खांब, त्यावर कमरेएवढ्या उंचीला पाऊस मोजायचं भांडं, भोवती तारेचं कुंपण. आमच्या महसूल मंडळातल्या सगळ्या गावांच्या आंब्याचा विमा ह्या भांड्यावर. अवेळी पाऊस त्यात नोंदला तर सगळ्यांना भरपाई, नाहीतर कोणालाच नाही.

मला त्यातलं कुंपण तेवढं आवडलं. वानरं आत येत नाहीत, कोंबड्या येत नाहीत, किल्ली माझ्याकडे. मार्चात मी तिथे काजूच्या बिया वाळत घातल्या आणि ही हुशारी येईल त्याला दाखवत सुटलो.

एका दुपारी आभाळ भरून आलं. धावत जाऊन बियांवर ताडपत्री टाकली. वाऱ्याने उडू नये म्हणून तिचं एक टोक भांड्यावरून घेऊन खांबाला आवळलं. पाऊस तासभर कोसळला. बिया कोरड्या राहिल्या. भांडंही कोरडंच राहिलं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

शेजारच्या वहिनींच्या वीस कलमांवरचा निम्मा आंबा गळला, उरलेला डागाळला. नवरा मुंबईत, कलमं त्याच बघतात. पीककर्ज घेतानाच विम्याचा हप्ता कापलेला. भरपाई आली तर कर्ज फिटेल, नाहीतर कलमं व्यापाऱ्याला कराराने द्यायची.

विचारायला आम्ही दोघं बँकेत गेलो.

"त्या दिवशी तुमच्या केंद्रावर पाऊस शून्य," साहेब पडद्याकडे बघत म्हणाले.

"शून्य? घोट्याएवढं पाणी होतं माझ्या दारात!"

"दारात असेल. यंत्रात नाय."

साहेब हसले. आणि मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

परतताना रिक्षात वहिनी बाहेर बघतच म्हणाल्या, "भावोजी, बिया बऱ्या वाळल्या ना?"

त्यांनी ताडपत्री बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत सगळं लेखी दिलं. पोच मिळाली. भरपाई नाही, विमा कंपनी म्हणे यंत्राचंच ऐकते. एका गाढवाने फडकं टाकलं की मंडळभरचा पाऊस रद्द, असली ही शहाणी योजना! आणि गाढव मी.

कलमं कराराने गेली. कुंपणाची किल्ली आता वहिनींकडे असते. मी तिकडे नुसता फिरकलो तरी पडवीतून हाक येते, "काय ओ भावोजी, आज काय वाळत घालताय?"