फळ्यावरचा सोमवार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे – घोरणं, हट्ट, चोरून खाल्लेली साखर – पण हे नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

वाशिमच्या एका चौकात काळा फळा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यावर पुढचे कार्यक्रम लिहितो. रक्तदान शिबिर, कुणाची शोकसभा, भागवत सप्ताह, जयंतीच्या मिरवणुकीची बैठक, कलेक्टर ऑफिससमोरचं धरणं – ज्याला जे करायचं असेल त्यानं चिठ्ठी आणून द्यायची आणि मी ती खडूनं उतरवायची. मग फळ्याचा फोटो गावोगावच्या ग्रुपवर जातो, पार अनसिंग-शेलूबाजारपर्यंत. एखादी सभा फळ्यावर दिसली नाही तर लोक विचारतात, रद्द झाली काय? आता सांगा, अशा माणसाच्या डोक्यात हवा जाणार नाही? गेली. चांगलीच गेली.

सुमित्रा अनसिंगकडच्या एका तांड्यावरची. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परतायची. पस्तिशीत माझ्या साक्षरता वर्गात आली आणि अक्षरं शिकली. पाटीवर तिचं नाव पहिल्यांदा मीच लिहून दिलं. ते मी चारचौघांत सांगायचोही, तिच्या देखत.

पावसाळ्यात एके दिवशी फळ्यावर वरती आजचा वार लिहिताना मी चुकलो. गुरुवार होता, मी बुधवार लिहिला. बाजूच्या टपरीवर पाच-सहा जण चहा पीत होते, त्यांच्या ध्यानात आलं नाही. सुमित्रा बाजाराची पिशवी घेऊन चालली होती. थांबली, अक्षरांखालून बोट फिरवत वाचलं आणि म्हणाली, "गुरुजी, आज गुरुवार हाय." हळूच म्हणाली, खरं तर. पण टपरीवाल्याच्या कानावर पडलं. आता गुरुजीलेच वर्गात बसवा लागते म्हणाला, आणि सगळे हसले. मीसुद्धा हसलो. फळा पुसून नीट केला. त्या दिवशी जेवलो नाही.

एवढ्यावरून, म्हणाल तुम्ही? हो – एवढ्यावरूनच.

त्याच पावसाळ्यात तिनं एक काम अंगावर घेतलं. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरांनी गावातच राहून शिकावं, म्हणून तांड्याजवळ हंगामी वसतिगृह हवं होतं. शिक्षण खात्याचे एक साहेब म्हणाले, पालक समोर येऊन सह्या करणार असतील तर प्रस्ताव पाठवतो. रविवारी दुपारी बारा वाजता चौकाजवळच्या सभागृहात येतो, पुन्हा येणं जमणार नाही. ती तांड्या-तांड्यावर फिरली. रविवार सगळ्यांना तोंडी सांगितला. आणि शनिवारी माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आली – स्वतः लिहिलेली. आयुष्यात पहिल्यांदा चार लोकांसाठी काही लिहिलं होतं तिनं. ओळी चढत्या होत्या, पण अक्षर स्वच्छ. रविवार. मी शिकवलेला रविवार.

ती गेली. मी खडू घेतला आणि लिहिलं – सोमवार.

हात चुकला असं नाही. वळणदार लिहिलं, खाली रेघ मारली, फोटो पाठवला. तिच्याकडे साधा फोन, आणि त्या रात्री ती तांड्यावर न जाता वाशिमलाच नातेवाइकांकडे राहणार होती; तिच्यापर्यंत तो पोचणार नव्हता हे मला माहीत होतं. बाकीच्यांनी समजून घेतलं की बैठक एक दिवस पुढे गेली. फळ्यावर आहे म्हटल्यावर कोण कुणाला फोन लावतो?

रविवारी साडेअकरालाच मी सभागृहासमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. हो – बघायला गेलो होतो. तिनं पदरानं खुर्च्या पुसल्या. साहेब आले, अर्धा तास बसले, घड्याळ बघत उठले, गेले. ती रस्त्यावर येऊन दोन्ही बाजूंना बघत राहिली. मला मजा वाटली. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडत नाही.

मग ती फळ्याशी आली. मीही तिच्या मागून येऊन उभा राहिलो. बोट ठेवून तिनं ती ओळ दोनदा वाचली.

"गुरुजी, म्या रविवार लिवलं होतं ना?"

"सोमवार लिहिलं होतंस, बाई. मी चिठ्ठीत असतं तेच उतरवतो."

चिठ्ठी त्या वेळी माझ्या खिशात होती.

ती वाद घालेल असं वाटलं होतं. तयारी करून ठेवली होती मी. पण तिनं आपल्या उजव्या हाताकडे बघितलं – तिसऱ्याच कुणाचा असल्यासारखं – आणि म्हणाली, "मंग मायीच चूक झाली." त्यावर मी काय केलं असेल? तिची समजूत काढली. नवशिक्या माणसाचं होतं असं, म्हणालो. तिनं माझे आभार मानले.

सोमवारी बाया आल्या. जीपगाड्या भरून आल्या, कडेवर पोरं घेऊन. सभागृहाला कुलूप. सुमित्रा दारात उभी राहून प्रत्येकीला सांगत होती, माया हातून वार चुकला. दोघी-तिघी तिला नाही नाही ते बोलल्या. मी चौकातून ऐकत होतो. तेव्हाही बोलता आलं असतं मला, नाही का?

वसतिगृह झालं नाही. तिची मुलगी आरती चौथीत होती, हुशार होती. दिवाळीनंतर तीही उसाच्या फडावर गेली आणि परत शाळेत आली नाही. सुमित्राही वर्गाला आली नाही. मी निरोप पाठवला नाही.

याला नऊ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात सुमित्रा पुन्हा फळ्याशी आली. बरोबर आरती, आरतीच्या कडेवर तान्हं पोर. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची बैठक आहे, फळ्यावर घ्या म्हणाली. सवयीनं मी कागद आणि पेन पुढे केलं. तिनं हात मागे घेतला.

"तुमीच लिवा गुरुजी. माया हातानं चूक होते."

मी वार विचारला. रविवार, ती म्हणाली. मी फळ्यावर रविवार लिहिला आणि तिला वाचता यावं म्हणून बाजूला सरकलो.

ती वाचायला थांबली नाही.