नोनीपुरतं गवत

नव्या राजधानीत ह्यांना सरकारी बंगला मिळाला. अंगण एवढं मोठं की गवत कापणारा माणूस गाडीसारख्या मशीनवर बसून यायचा. चढण्याआधी चपला काढून बाजूला ठेवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. सरळ पट्टे मारत जायचा, पण कडुनिंबाजवळ आला की इंजिनाचा आवाज कमी करायचा आणि बाजेएवढा तुकडा सोडून वळायचा. तिथं गवत गुडघ्याला लागत होतं.

चिडले की माझ्या तोंडून मराठीच निघते. एका रविवारी विचारलं, "भैया, तेवढंच काहून सोडून राहिले तुम्ही?"

"हव दीदी," तो हळूच म्हणाला, "उहां मोर नोनी सुते हे."

त्याच्या बोलीत नोनी म्हणजे पोट्टी, लहान मुलगी. त्याची पोट्टी तिथं झोपली होती आणि मशीन चालूच होती. मी पळत गेले, गुडघे टेकून दोन्ही हातांनी गवत बाजूला केलं. खाली एक चपटा दगड होता, बाकी काही नाही.

तो मागून सांगत होता की राजधानीसाठी गाव उठवायच्या आधी ही त्याच्या घरामागची भाजीपाल्याची बाडी होती, आणि एवढ्या तान्ह्या लेकराला कोणी जाळत नाही.

उठताना पाय कुठं ठेवावा, ते मले समजेना.