कंपाइल होईपर्यंत

आमच्या ऑफिसात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. कंपाइल चालू असेल तर खुर्ची सोडायला हरकत नाही, एरवी सोडायची नाही. कंपाइल म्हणजे काय हे मी वडिलांना बरेचदा समजावलं होतं. आपण प्रोग्राम आपल्याला वाचता येईल अशा भाषेत लिहितो, मशीनला तो तसा चालत नाही, मग मशीन तो स्वतःच्या भाषेत उतरवून घेतं, आणि ते होईपर्यंत आपल्याला करण्यासारखं काही नसतं. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. तारनाक्याच्या घरात खुर्चीवर बसून ते सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "म्हणजे बसून राहायचा पगार देऊ लागले का तुम्हाला?" मी हौ म्हणायचो आणि जेवायला बसायचो.

ऑफिस हिमायतनगरला, एका साडीच्या दुकानाच्या वर. देशाची दारं नुकतीच उघडली होती, असं पेपरात रोज यायचं. आमच्या ऑफिसची खिडकी मात्र उघडत नव्हती, कारण आत एसी होता आणि तो मशीनांसाठी होता. आम्ही दवाखान्यांना बिलं करण्याचे प्रोग्राम लिहून द्यायचो. सगळ्यांचं काम शेवटी एकाच मोठ्या मशीनवर एकत्र व्हायचं, आणि त्या पूर्ण कंपाइलला साधारण कॅरमचा एक डाव होईल इतका वेळ लागायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, जमून आलं होतं. मागच्या खोलीत, जिथे बॅटऱ्या ठेवलेल्या असायच्या, तिथे एक कॅरम बोर्ड होता. खोलीत एसी नव्हता. बोरिक पावडर घामाने हाताला चिकटायची.

प्रोग्रामच्या माझ्या भागावर काम करणारी दुसरी व्यक्ती म्हणजे ती. ती पुण्याची, इथे लेडीज हॉस्टेलात राहायची. पहिल्याच दिवशी तिने मला 'तू' म्हटलं. आमच्याकडे, म्हणजे निजामाच्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांत, परक्या बाईमाणसाला असं एकदम अरे-तुरे करत नाहीत. म्हणून मी 'तुम्ही' म्हणत राहिलो. माझी मराठी ऐकून ती आधी हसायची. मग हळूहळू तिच्याच तोंडी 'हौ' आणि 'नक्को' बसलं. एकदा एसटीडी बूथवरून घरी बोलताना तिने आईला हौ म्हटलं, तर आईने तब्येत बरी आहे ना असं विचारलं. हे तिने मला कॅरम खेळताना सांगितलं. ती जे काही सांगायची ते कॅरम खेळतानाच सांगायची, कारण बाकी वेळ आम्ही काम करत असायचो आणि काचेच्या केबिनमधून साहेब बघत असायचे.

मला तिच्याशी लग्न करायचं होतं. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं कॅरमविषयी आहे असं वाटेल.

अडचण अशी होती की मला तसं विचारता येत नव्हतं. मी तसा घुम्या नाही. प्रोग्राममध्ये काय चुकलंय यावर मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलू शकतो, आणि लोक ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसतात. पण तिच्यासमोर बसलं की माझं सगळं बोलणं सोंगट्यांविषयी व्हायचं. तिच्या घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. हेही तिनेच सांगितलं, राणी घेता घेता. "दिवाळीपर्यंत ठरवायचं म्हणतायत बाबा," ती म्हणाली. मग तिने कव्हर घेतलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी म्हणालो, "दिवाळी यंदा लवकर आहे."

त्यानंतर मी रोज ठरवून यायचो की आज विचारायचं. सुरुवातीच्या सोंगट्या जाईपर्यंत धीर गोळा करायचा आणि राणी गेली की बोलायचं, असा माझा आराखडा होता. पण ओठांवर शब्द येईतो बाहेर मशीन टूं करायचं, कंपाइल संपलेलं असायचं, आणि आम्ही हात पुसत जागेवर यायचो. वेळ थोडा कमी पडतोय, एवढंच मला वाटायचं. अजून थोडा मिळाला असता तर मी विचारलं असतं, यात मला शंका नव्हती.

अशात आम्हाला पहिलं परदेशी गिऱ्हाईक मिळालं. साहेब टाय लावून यायला लागले. त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि मला म्हणाले, "ये कंपाइल क्या है जी, आधा दिन खा जा रा. तुम किताबां पढ़ते ना, कुछ करो." मी खरोखरच पुस्तकं वाचायचो. दर रविवारी आबिड्सला दुकानं बंद असली की फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात, तिथे मी सकाळपासून उकिडवा बसलेला असायचो. माझी करमणूक म्हणतात ती तीच. त्या रविवारी मला कव्हर फाटलेलं एक जाडजूड पुस्तक मिळालं आणि त्यात नेमकी आमची अडचण होती. आमचं मशीन दर वेळी सगळ्या फाइली नव्याने उतरवून घ्यायचं, बदललेली एखादीच का असेना. जी बदलली तेवढीच घे, एवढंच त्याला सांगायला हवं होतं.

सोमवारी मी मशीनला ते सांगितलं. दुपारी कंपाइल लावलं, आणि खुर्ची मागे सरकवून उठेपर्यंत मशीनने टूं केलं. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि खालून मिरचीभजी मागवली. मला इतका आनंद झाला होता की मी तिला दोनदा करून दाखवलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं, "छान," म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून कामाला लागली. शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र, गुंटूरकडचा, डोक्याला हात लावून बसला होता. मला वाटलं त्याचं डोकं दुखतंय.

मग कामं भराभर व्हायला लागली. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून दिवसभर टाइप करायचो. मागच्या खोलीत जायला कारणच उरलं नाही, कॅरम बोर्डावर लोक जेवणाचे डबे ठेवायला लागले. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं, पण काय ते कळायचं नाही. कळलं नाही म्हणून मी आणखी काम करायचो. सहा वाजता ती हॉस्टेलकडे जायची, मी तारनाक्याच्या बसची वाट बघायचो. बसस्टॉपवर उभं राहून मी विचार करायचो की तिला विचारायला आता वेळ कुठून आणायचा. याच माणसाने तो वेळ नुकताच संपवला होता, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

एके दिवशी सकाळी कंपाइल पुन्हा पूर्वीसारखं सावकाश चाललं. ती लगेच उठली, मागच्या खोलीत गेली, डबे उचलून खाली ठेवले आणि सोंगट्या मांडायला लागली. आवाज ऐकू येत होता. मी जागेवरच बसून राहिलो आणि शोधायला लागलो, कारण माझ्या दुरुस्तीत खोट निघाली तर माझी अब्रू जाणार होती. कारण लवकर सापडलं. सगळ्या प्रोग्रामांना लागणारी एक सामाईक फाइल होती. तिला नुसता हात लागला तरी तिच्यावरची तारीख बदलायची आणि मशीनला वाटायचं की सगळंच बदललं. त्या फाइलीत कुणीतरी एक रिकामी ओळ घातली होती. मी ओळ काढली, फाइलीवर पुन्हा जुनी तारीख बसवली, कंपाइल परत लावलं आणि खुर्चीतूनच ओरडून सांगितलं, "या तुम्ही, दुरुस्त झालं." सोंगट्या परत डब्यात पडल्याचा आवाज आला. मग ती आली आणि बसली.

पुढच्या आठवड्यात तीच रिकामी ओळ परत आली. या वेळी मी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. ओळ काढली, आणि सामाईक फाइल अशी बंद करून टाकली की माझ्याशिवाय कुणाला ती बदलताच येऊ नये. सोमवारच्या बैठकीत मी उभा राहून हे सगळ्यांना सांगितलं. कुणाच्या तरी हातून नकळत होत असावं, असंही समजूतदारपणे म्हणालो. साहेबांनी मान डोलावली. तिने विचारलं, "म्हणजे आता कुणालाच नाही बदलता येणार?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. त्याच दुपारी तिने सुट्टीचा अर्ज दिला. शनिवारी पुण्याला कोणी तिला बघायला येणार होतं.

शुक्रवारी तिची खुर्ची रिकामी होती. मी आणि गुंटूरचा मित्र चहाला खाली उतरलो. त्याने बशीत चहा ओतला आणि म्हणाला, "अरे भई, वो लाइन मैडम डाल रई थी. दोनों बार. मैं देखा. वो डाल रई, तुम निकाल रै. उनको कैरम खेलना है ना तुम्हारे साथ. नईं समझे क्या?"

मी नाही म्हणालो. ते खरं होतं. मग समजलं, आणि समजल्यावर चहाचा पेला तसाच ठेवून मी वर आलो. मित्र पैसे देऊन मागून आला. तो शनिवार-रविवार मी कसा काढला हे सांगण्यासारखं नाही. आबिड्सला गेलो नाही. आईने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो. मी काम अर्धवट करत नाही. सामाईक फाइल उघडली, रिकामी ओळ घातली. शिवाय माझी सगळी दुरुस्तीच काढून टाकली, आणि आता कुणी वापरत नव्हतं असे जुने रिपोर्टही त्यात जोडून दिले. असं लांबलचक कंपाइल त्या मशीनने कधी केलं नसेल. ती आली. तिने पिशवीतून एक पुडा काढून टेबलावर ठेवला. पुण्याहून येणारी माणसं काहीतरी आणतातच, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मी कंपाइल लावलं आणि म्हणालो, "वेळ लागेल आज."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उठली. मागच्या खोलीत जाऊन आम्ही डबे खाली ठेवले, समोरासमोर बसलो. ती सोंगट्या रचायला लागली. मी या वेळी राणीची वाट बघितली नाही.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," मी म्हणालो.

"विचार."

"माझ्याशी लग्न कराल का?"

तिचा हात थांबला नाही. काळी, पांढरी, काळी, पांढरी असं तिने वर्तुळ पुरं केलं आणि मग म्हणाली, "शनिवारी ठरलं माझं."

मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, मी विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे," ती म्हणाली. "बोलतो."

बॅटऱ्यांचा घुं आवाज येत होता. तिने पावडर घेतली, बोर्डावर शिंपडली, तळव्याने पसरली.

"मी दोनदा वेळ काढला होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन्ही वेळा तू वाचवलास."

"मला कळलं नव्हतं."

"ते मला कळलं होतं. म्हणून तर दुसऱ्यांदा काढला. मग तू फाइलच बंद केलीस, बैठकीत उभा राहून. मला वाटलं, याला काही विचारायचंच नाहीये."

"आता काही करता येईल का?"

तिने मान हलवली. "बाबांनी शब्द दिलाय," ती म्हणाली. "मीपण दिलाय."

बाहेरून साहेबांनी आवाज दिला, "हो गया क्या जी?" तिने दारातून वाकून स्क्रीनकडे पाहिलं. "अभी नहीं, सर," ती म्हणाली आणि पुन्हा येऊन बसली. उठून जायला आम्हा दोघांनाही कारण नव्हतं. कंपाइल चालू होतं आणि ते संपायला खूप वेळ होता, तेवढी व्यवस्था मी स्वतः केली होती. तिने स्ट्रायकर माझ्याकडे सरकवला. मला रडू येत होतं, आणि पाळी माझी होती.